‘नरसिंहपूर’ या शब्दाची लांबी : संगणकभाषांतील रूढ उत्तरांची एक चिकित्सा

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यासाठी गेल्या सात दशकांत ज्या कृत्रिम भाषा निर्माण झाल्या, त्यांच्याभोवती एक स्वतंत्र प्रश्नोत्तर-वाङ्मय उभे राहिले आहे. शब्दाची लांबी कशी मोजावी, शब्द उलटा कसा लिहावा, दोन शब्द समान आहेत की नाहीत हे कसे ठरवावे, शब्दांची यादी वर्णक्रमाने कशी लावावी, अंकांत लिहिलेल्या मजकुरातून संख्या कशी काढावी, हे त्यातील नित्याचे प्रश्न होत. पाठ्यपुस्तकांत, परीक्षांत व मुलाखतींत ते पुनःपुन्हा विचारले जातात. एकाच प्रश्नाची सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट अशा निरनिराळ्या भाषांतील उत्तरे शेजारी शेजारी मांडून दाखवण्याची प्रथाही आता रूढ झाली आहे. अशी मांडणी पाहणाऱ्याची सहज समजूत होते ती अशी की, ही उत्तरे परस्परांचे अनुवाद आहेत. शब्द बदलले तरी आशय तोच आहे. ही समजूत कितपत यथार्थ आहे, याची तपासणी हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

तपासणीसाठी एकच शब्द पुरेसा आहे. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, इंदापूर तालुक्यात, नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नरसिंहपूर हे क्षेत्र वसले आहे. लक्ष्मी-नरसिंहाचे हे स्थान अनेक मराठी कुळांचे दैवत असल्याने गावाचे नाव पंचक्रोशीपलीकडेही परिचित आहे. या नावात विशेष अवघड असे काही नाही. त्यात जोडाक्षर नाही, परकीय ध्वनी नाही. एक अनुस्वार, एक ऱ्हस्व वेलांटी व एक दीर्घ उकार एवढाच त्याचा साज. मराठी शाळेतील मुलास ‘या शब्दात अक्षरे किती?’ असे विचारले, तर न, र, सिं, ह, पू, र अशी बोटे मोजून ते ‘सहा’ असे सांगेल. हाच प्रश्न संगणकभाषांना विचारला असता काय घडते, ते पाहावे.

सी भाषेतील रूढ उत्तर ‘स्ट्रलेन’ हे आहे. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या लेखनसंकेतात हा शब्द साठवला असेल, तर ‘स्ट्रलेन’ २७ असे उत्तर देते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीतील ‘लेन’, तसेच जावा आणि जावास्क्रिप्ट यांतील ‘लेंग्थ’ यांचे उत्तर ९ असे येते. स्विफ्ट भाषेतील ‘काउंट’ मात्र ६ म्हणते. एक प्रश्न, एक शब्द, आणि तीन उत्तरे. यांपैकी एकही उत्तर हिशेबात चुकलेले नाही, हे येथे आवर्जून लक्षात घेतले पाहिजे. सी भाषा स्मृतिकोशातील बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, म्हणून नऊ त्रिक सत्तावीस. पायथन संकेतबिंदू मोजते. म्हणजे युनिकोडने ज्यांना स्वतंत्र क्रमांक दिले आहेत अशी चिन्हे मोजते. त्या हिशेबात वेलांटी, अनुस्वार व उकार ही न, र, स यांच्याइतकीच स्वतंत्र ठरतात, आणि सहाचे नऊ होतात. जावा व जावास्क्रिप्ट सोळा बिटांचे घटक मोजतात. देवनागरीपुरते ते संकेतबिंदूंशी जुळतात, इतकेच. स्विफ्ट, वाचणाऱ्यास एक वाटेल अशा चिन्हसमूहाला एक मानते.

तीनही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतील, तर दोष कोठे आहे? दोष आहे तो उत्तरासोबत दिल्या जाणाऱ्या वाक्यात. ‘स्ट्रलेन शब्दातील कॅरेक्टरांची संख्या सांगते’ हे ते वाक्य. ब्रायन कर्निहान आणि डेनिस रिची यांचा सी भाषेवरील ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा बाइट, संकेतातील चिन्ह आणि वाचकाच्या डोळ्यांना दिसणारे अक्षर या तीन वस्तू इंग्रजीपुरत्या एकरूप होत्या. तिघींना एकच नाव पुरत होते. तो अज्ञानाचा भाग नसून एका लिपीच्या साधेपणाचा परिणाम होता. परंतु त्या नावाचा मराठीत ‘अक्षर’ असा अनुवाद झाला की तेच विधान असत्य होते. मराठीत अक्षर या शब्दाला शतकानुशतकांचा निश्चित अर्थ आहे. बाइटाला अक्षर म्हणणे म्हणजे न्यायशास्त्राच्या परिभाषेत अतिव्याप्तीचा दोष पत्करणे होय; कारण सत्तावीस बाइटांपैकी एकही एकटा बाइट अक्षर नाही, तरीही लक्षण त्या सर्वांना लागू पडते.

उत्तर कालसापेक्ष कसे असते, याचा दाखला महाराष्ट्रातच मिळतो. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘जिस्ट’ तंत्राच्या द्वारा भारतीय लिपी संगणकावर रुजवल्या. त्या काळातील ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाला. इस्कीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एकाच बाइटात बसत असे. त्या संकेतात लिहिलेल्या ‘नरसिंहपूर’ची लांबी त्याच सी भाषेतील त्याच ‘स्ट्रलेन’ने ९ अशी सांगितली असती. पुढे युनिकोडने आपल्या देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच बेतली. परंतु साठवणीसाठी यूटीएफ-८ रूढ झाल्यावर नऊचे सत्तावीस झाले. आज्ञावलीतील एकही शब्द बदलला नाही, गावाचे नाव बदलले नाही. उत्तर मात्र तिप्पट झाले. जे उत्तर आपल्या गृहीतकाचा उच्चार करीत नाही, ते गृहीतक बदलताच मूकपणे खोटे ठरते.

यावर कोणी असे म्हणेल की, स्विफ्टचे उत्तर सहा आहे, तेव्हा ते प्रमाण मानावे आणि वाद मिटवावा. पण तसेही करता येत नाही. नरसिंहपूरच्या दैवताच्या नावाचा पूर्वार्ध घ्यावा : ‘लक्ष्मी’. त्यात बाइट २१ व संकेतबिंदू ७. मराठी वाचकास त्यात ल आणि क्ष्मी अशी दोनच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या चिन्हसमूहविषयक जुन्या नियमांप्रमाणे मात्र ल, क्, ष्, मी असे चार समूह होत असत. हलन्ताने जोडलेली व्यंजने एका समूहात धरण्याचा नियम देवनागरीसह काही भारतीय लिपींसाठी २०२३ साली १५.१ या आवृत्तीत आला. म्हणजे एकाच भाषेतील एकाच आज्ञेने ‘लक्ष्मी’ची लांबी कालपर्यंत चार सांगावी आणि नवे नियम अंमलात येताच दोन सांगावी, असे घडणे शक्य आहे. ‘नरसिंहपूर’मध्ये जोडाक्षर नसल्यामुळे तेथे हा भेद झाकला गेला होता.

मराठीच्या अभ्यासकाला या अनेकत्वाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भारतीय शास्त्रपरंपरेने शब्दाची लांबी कधीच एका मापाने मोजलेली नाही. व्याकरणकार वर्ण मोजतो. न्, अ, र्, अ, स्, इ, अनुस्वार, ह्, अ, प्, ऊ, र्, अ असे तेरा वर्ण त्याला येथे सापडतील. अक्षरगणवृत्ताचा अभ्यासक सहा अक्षरे मोजून त्यांत ‘स’ आणि ‘ज’ हे दोन गण पाहील. मात्रावृत्ताचा अभ्यासक सिं आणि पू यांच्या दोन दोन मात्रा धरून एकूण आठ मात्रा सांगेल. तेरा, सहा आणि आठ या तीन उत्तरांत कलह नाही. कारण प्रत्येक शास्त्र आपण काय मोजतो ते आधी सांगते आणि मग मोजते. संगणकभाषांच्या रूढ उत्तरांत उणीव आहे ती नेमकी या आधीच्या वाक्याची.

उलट क्रमाच्या प्रश्नात ही उणीव अधिक उघडी पडते. शब्द उलटा लिहिण्याची आज्ञावली हा नवशिक्यांचा ठरलेला स्वाध्याय आहे. सी भाषेत शब्दाच्या दोन टोकांवरील बाइटांची अदलाबदल करीत मध्यापर्यंत यावे, हे त्याचे सर्वमान्य उत्तर. यूटीएफ-८ मधील देवनागरीवर ते चालवले असता हाती जे येते, ते कोणत्याही लिपीतील लेखन नसते. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट उलटे झाल्याने संकेतच अवैध ठरतो. पायथनमध्ये संकेतबिंदू उलटतात. तेव्हा शेवटचा र पुढे येतो, पू-तील दीर्घ उकार त्याला लागतो आणि उलट्या नावाच्या आरंभी ‘रूप’ असा एक अर्थपूर्ण शब्द अकस्मात् अवतरतो. पुढे मात्र सिं-मधील अनुस्वार व वेलांटी ह-ला बिलगतात, तेही अनुस्वार आधी आणि वेलांटी नंतर अशा अशास्त्रीय क्रमाने. पडद्यावर तेथे बहुधा एक तुटक वर्तुळ उमटते. अक्षरशः उलटा शब्द ‘रपूहसिंरन’ असा व्हावयास हवा होता.

याच आज्ञावलीवर दुसरा एक लोकप्रिय प्रश्न आधारलेला असतो : दिलेला शब्द उलटसुलट सारखाच वाचला जातो काय? ‘कनक’ आणि ‘सरस’ या कसोटीला उतरतात, म्हणून परीक्षार्थी निश्चिंत होतो. ‘नवजीवन’ हा शब्द घेतला की रूढ उत्तर ‘नाही’ म्हणते. न, व, जी, व, न ही पाच अक्षरे कोणत्याही बाजूने वाचली तरी तीच आहेत, हे बालकालाही दिसते. परंतु संकेतबिंदूंच्या रांगेत जी-ची वेलांटी ज-च्या नंतर उभी असते आणि उलटताना ती ज-च्या आधी जाऊन व-ला लागते. ‘मध्यम’ या शब्दाची गतही तशीच होते. ज्या उदाहरणांवर उत्तर तपासले गेले, त्यांत काना-मात्रा व जोडाक्षरे नव्हती, म्हणून ते तपासणीतून सुटले. यास सिद्धता म्हणता येत नाही.

समानतेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. जावा भाषेत दोन शब्दांची तुलना दुहेरी बरोबर-चिन्हाने न करता ‘इक्वल्स’ने करावी, हे उत्तर पाठ नसलेला विद्यार्थी विरळा. पहिली तुलना दोन वस्तू एकच आहेत काय हे पाहते, दुसरी त्यांतील मजकूर सारखा आहे काय हे पाहते. हा भेद योग्यच आहे. पण मजकूर सारखा म्हणजे काय? ‘नीरेच्या खोऱ्यात’ या शब्दप्रयोगातील ‘खोऱ्यात’ संगणकावर दोन प्रकारे लिहिले जाते. अर्धा र साधण्यासाठी कोणी नुक्तायुक्त ऱ आणि हलन्त वापरतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या प्रकारात सात संकेतबिंदू होतात, दुसऱ्यात आठ. कागदावर दोन्ही रूपे डोळ्यांना वेगळी ओळखू येत नाहीत. तरी सी, जावा, पायथन व जावास्क्रिप्ट या चारही भाषांतील रूढ तुलना त्यांना भिन्न ठरवते. युनिकोडची प्रमाणीकरणाची प्रक्रियाही या दोहोंना एक करीत नाही. याउलट ‘नरसिंहपूर’ आणि त्याचेच संस्कृतप्रचुर रूप ‘नृसिंहपूर’ यांत अक्षरे अनुक्रमे सहा व पाच असताना संकेतबिंदू मात्र दोहोंत नऊच भरतात. लांबीवरून अंदाज बांधणारी आज्ञावली येथे फसेल. लोकांच्या तोंडी व लेखनात ‘नरसिंगपूर’ हेही रूप आढळते, आणि नदीचे नाव नीरा की निरा याविषयीही एकवाक्यता नसते. वाचकाला हे सारे एकच गाव आहे हे कळते; यंत्राला ते कळावे अशी अपेक्षा नाही. परंतु ‘समान’ हा शब्द संकेताची समानता, दृश्य रूपाची समानता आणि निर्दिष्ट वस्तूची समानता या तीन पातळ्यांवर वापरला जातो, एवढे उत्तराने सांगावयास हवे.

वर्णक्रमाची कथा निराळी नाही. शब्द क्रमाने लावण्याच्या सर्वसामान्य आज्ञा संकेतक्रमांकांची तुलना करतात. युनिकोडमध्ये ळ-चे स्थान ल आणि व यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत तो ह-नंतर येतो. त्यामुळे पळस, पवन, पहाट अशी यादी यंत्राच्या मते क्रमवार असते, तर मराठी वाचकाच्या मते पवन, पहाट, पळस हा क्रम योग्य होय. तालुक्यातील गावांची सूची अशा रीतीने लावली, तर ‘पळसदेव’ शोधणारा भलत्याच जागी शोधील. वर्णक्रम ही भाषिक समाजाने ठरवलेली वस्तू आहे, याची साक्ष युरोपातूनही मिळते. स्पॅनिश कोशांत ‘सीएच’ या जोडीला १९९४ पर्यंत स्वतंत्र वर्णाचे स्थान होते. त्या वर्षी स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांनी ते काढून घेतले. क्रम ठरवतो तो समाज. संकेतक्रमांक केवळ साठवणीची सोय पाहतात. प्रस्तुत आक्षेप केवळ देवनागरीची कैफियत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

एका बाबतीत मात्र रूढ समजुतीच्या उलट अनुभव येतो, आणि न्याय्य चिकित्सेने त्याचीही नोंद घेतली पाहिजे. ‘१९६०’ असे देवनागरी अंकांत लिहिलेल्या मजकुरापासून संख्या करावयाची असेल, तर सी भाषेतील ‘एटॉय’ शून्य देते आणि जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नव्हे’ असे कळवते. पायथनचे ‘इंट’ आणि जावाचे ‘पार्सइंट’ हे दोघेही एकोणीसशे साठ ही संख्या बिनतक्रार ओळखतात. गंमत अशी की, त्याच जावातील नमुनाशोधनाचे अंकदर्शक चिन्ह मूळ मांडणीत देवनागरी अंकांना अंक मानीत नाही. म्हणजे दोन भाषांत मतभेद आहेत असे नव्हे, तर एकाच भाषेच्या दोन दालनांतही ते आहेत. ‘जावात असे करतात’ हे विधान देखील पुरेसे नेमके नाही, हे यातून निष्पन्न होते.

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अक्षरे ओळखणारी साधने उपलब्धच आहेत. जावात तशी सोय १९९७ पासून आहे, आणि अन्य भाषांसाठीही युनिकोडचे नियम पाळणारी संग्रहालये आहेत. हे खरे आहे. पण मग रूढ उत्तरांत त्यांचा उल्लेख का नसावा? साधन असणे आणि ते विद्यार्थ्यापर्यंत पोचणे या दोन गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप असा की, नवशिक्याला आरंभी साधे उत्तर द्यावे लागते. तेही मान्य, परंतु साधे उत्तर आणि अपुरे उत्तर यांत अंतर आहे. ‘ही आज्ञा बाइट मोजते’ हे वाक्य ‘ही आज्ञा अक्षरे मोजते’ या वाक्याहून अधिक अवघड नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे : बाइट मोजणे हीच पुष्कळदा खरी गरज असते. यूटीएफ-८ ची रचना १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी केली. त्याच दोघांचा सहभाग असलेली गो ही भाषा २००९ मध्ये प्रकट झाली, आणि तिच्यातील ‘लेन’ बाइटच मोजते. हा जाणीवपूर्वक केलेला निर्णय होय. प्रस्तुत विवेचनाचा रोखही निर्णयावर नाही. निर्णय निर्णय म्हणून न सांगता तो वस्तुस्थिती म्हणून सांगण्याच्या पद्धतीवर आहे.

ही केवळ परिभाषेची वादावादी नाही. समजा, एखाद्या नोंदवहीच्या रकान्यात वीस बाइटांची मर्यादा आहे, आणि ती ठरवणाऱ्याने ‘वीस अक्षरे गावाच्या नावाला पुष्कळ झाली’ असे मानले आहे. सहा अक्षरांचे नरसिंहपूर तेथे मावत नाही. विसाव्या बाइटावर ते कापले, तर ‘नरसिंह’ एवढे शिल्लक राहते आणि त्यामागे प-चे दोन निरर्थक बाइट लोंबकळतात. पूर जाते, दैवत उरते. गावाऐवजी तेथे माणसाचे नाव असेल, आणि ते दुसऱ्या नोंदवहीतील नावाशी जुळवून पाहायचे असेल, तर अर्ध्या र-च्या दोन लेखनप्रकारांमुळे एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात. आज दाखले, उतारे, शिधापत्रिका यांचे व्यवहार संगणकावर चालतात. तेथे अपुऱ्या उत्तराचे मोल ते उत्तर लिहिणारा मोजत नाही, ज्याचे नाव तुटते तो मोजतो.

म्हणून रूढ उत्तरांची परीक्षा करताना ती चालतात की नाही एवढे पाहून भागणार नाही. उत्तर काय मोजते, कोणत्या संकेतात मोजते आणि कोणत्या प्रयोजनासाठी मोजते, या तीन गोष्टींचा त्यात निर्देश आहे काय, हे पाहिले पाहिजे. स्मृतिकोशातील जागा ठरवायची असेल, तर नरसिंहपूरची लांबी २७ हेच उत्तर योग्य होय. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात देवनागरीला एका संदेशामागे ७० घटकांची मर्यादा असते. तेथे ९ हे उत्तर उपयोगी. वृत्त पाहणाऱ्याला ६ किंवा ८ हवे. प्रयोजन सांगितले की वाद मिटतो.

मराठीतून हे शिक्षण देणाऱ्यांवर येथे एक विशेष जबाबदारी येते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातून सी, जावा, पायथन इत्यादी भाषांचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध झाले आहेत. मराठीतील असे लेखन व अध्यापन पुढे वाढतच जाणार. त्यात ‘कॅरेक्टर’ या एका शब्दासाठी प्रसंगानुसार बाइट, संकेतबिंदू आणि अक्षर असे तीन शब्द कटाक्षाने योजले, तर इंग्रजीत जो भेद झाकलेला राहतो तो मराठीत उघड होईल, आणि अनुवाद मुळाहून अधिक नेमका ठरेल. त्यासाठी नवे शब्द घडवण्याचीही गरज नाही. अक्षर हा शब्द मराठीजवळ पूर्वीपासून आहे. तो बाइटाला देऊन टाकू नये, एवढीच दक्षता हवी.